खिडकीपासून खाटेपर्यंत



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्यांचं नाव माझ्या मागच्या फळ्यावर लिहिलेलं आहे. मी मात्र त्यांना आयुष्यभर कंपाउंडरकाका म्हणत आलो, आजही तसंच म्हणेन. विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी औषध निर्माण अधिकारी म्हणून रुजू झालो, तेव्हा ते निवृत्तीला टेकलेले होते. कार्मिनेटिव्ह मिक्स्चर खलून बाटलीत भरायचं आणि बाटलीच्या अंगाला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, म्हणजे एक खाच एक डोस, त्या काळातला हा माणूस. माझ्याकडे डिप्लोमा होता, त्यांच्याकडे नव्हता. पहिले काही दिवस मला हा फरक फार मोठा वाटला.

तो फरक कसा गळून पडला ते आधी सांगतो, कारण आजचा विषय, म्हणजे फार्मासिस्टची रुग्णालयातली वर्षभराची रेसिडेन्सी, तिथूनच निघतो.

नोकरीचा दुसरा महिना असेल. बाजाराचा दिवस, खिडकीवर रांग. एका बाईला गुडघेदुखीची गोळी लिहून दिलेली होती. अक्षर घाईचं होतं, आणि त्या नावात नि साखरेच्या एका गोळीच्या नावात एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक. मी साखरेची गोळी दिली. बाईला मधुमेह नव्हता. दिवसातून दोनदा घ्या, म्हणालो, आणि पुढचा कागद हातात घेतला. दुसऱ्या दिवशी ती एसटी स्टँडवर घाम येऊन पडली. लोकांनी उचलून आमच्याच दवाखान्यात आणली. मेडिकल ऑफिसर ताप, ऊन, अशक्तपणा या वाटेने विचार करत होते. काका कडेला उभे होते. त्यांनी तिच्या पदराची गाठ सोडली, पुडी बाहेर काढली आणि विचारलं, "माय, ही गोई कायची म्हून घेतली तू?" ती म्हणाली, "गुडघ्याची." काकांनी पुडी डॉक्टरांपुढे धरली. ग्लुकोज शिरेत गेलं तशी बाई दहा मिनिटांत उठून बसली.

काका मला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खिडकीच्या आत येऊ दिलं नाही. आठ दिवस मी बाहेर, रांगेत उभा. औषध घेऊन वळणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा होता: तुम्हाला काय सांगितलं? ही गोळी कशाची, कधी घ्यायची, किती दिवस? संध्याकाळी उत्तरं काकांना सांगायची. पहिल्या दिवशी मी हादरलो. मी आतून ज्या सूचना दिल्या असं समजत होतो, त्यातलं जवळजवळ काहीही बाहेर पोचत नव्हतं. "जेवल्यावर घ्या" हे मी शंभरदा म्हटलं असेन. पण कापूस वेचायला जाणारी बाई सकाळी चहा घेऊन निघते, भाकरी दुपारी बांधावर खाते आणि रात्रीचं जेवण कधी होईल ते कामावर अवलंबून असतं. तिच्या दिवसात माझं "जेवल्यावर" कुठे बसतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

माझी रेसिडेन्सी आठ दिवसांची. तिला कुणी तसं नाव दिलं नव्हतं, प्रमाणपत्र तर नव्हतंच. पण औषधशास्त्र मी तिथे शिकलो असं मी मानतो. आणि त्या प्रसंगाची दुसरी बाजूही आज सांगायला हवी. ती चूक कुठेही लिहिली गेली नाही. काकांनी मला वाचवलं, डॉक्टरांनी विषय मिटवला, बाई घरी गेली. काकांवर माझं प्रेम आहे, तरी म्हणतो की हे चुकलं. ती दोन नावं तशीच एकमेकांशेजारी फळीवर राहिली. माझ्यानंतर तिथे आलेल्या मुलाला कुणी सावध केलं असेल का, मला ठाऊक नाही, आणि ही बोच अजून गेलेली नाही.

आता रुग्णाजवळच्या अशा शिक्षणाबद्दल नियम काय म्हणतात ते पाहू. आपल्या देशात या व्यवसायाचं शिक्षण उशिरा सुरू झालं. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालच्या औषध चौकशी समितीचा अहवाल 1931 साली आला. 1932 साली बनारस हिंदू विद्यापीठात महादेव लाल श्रॉफ यांनी अभ्यासक्रम सुरू केला. 1948 साली फार्मसी कायदा झाला, आणि त्याच्या 42व्या कलमाने औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टचं ठरवलं. म्हणजे फार्मासिस्ट होणाऱ्या मुलाच्या हाती कायद्याने मोठा अधिकार दिला. तो अधिकार वापरण्याआधी त्याने रुग्णाजवळ किती वेळ घालवायचा? डी.फार्म.ला दोन वर्षांच्या शिक्षणानंतर 500 तास, किमान तीन महिन्यांत पसरलेले. आठ तासांचा दिवस धरला तर बासष्ट-त्रेसष्ट दिवस. आणि हे तास कसे भरले जातात ते या सभागृहातल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. ओळखीचं मेडिकल, मालकाचा शिक्का, कोरी वही एका संध्याकाळी तीन रंगांच्या पेनांनी भरलेली. मी स्वतः अशा वह्या पाहिल्या आहेत. मला त्या मुलांचा राग येत नाही. ज्या व्यवस्थेने त्यांना तिथे पाठवलं आणि परत आल्यावर एक प्रश्नही विचारला नाही, तिचा येतो. बी.फार्म.चं शिक्षण चार वर्षांचं, पण रुग्णालयात वर्षभर राहण्याची सक्ती त्यातही नाही.

एका वाटेवर ती आहे. 2008 साली फार्मसी कौन्सिलने फार्म.डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम आणला. त्याचं सहावं वर्ष पूर्ण रुग्णालयात: सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये, आणि उरलेले सहा महिने दोन-दोन करून इतर तीन विभागांत. रुग्णालय किमान 300 खाटांचं हवं. कागदावरची ही रचना उत्तम आहे, मी तिचा पुरस्कर्ता आहे. पण असं कॉलेज आपल्या मुलांच्या घरापासून दूर, फी मोठी, आणि त्या वर्षात डॉक्टरांच्या इंटर्नसारखं विद्यावेतन मिळेलच अशी खात्री नाही. घाटाखालच्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी डी.फार्म. करते आणि लगेच कुठल्या तरी काउंटरवर उभी राहते. माझ्या डोळ्यांपुढे ती मुलगी आहे. फार्म.डी.च्या विद्यार्थ्याला जे वर्ष मिळतं ते तिला का नको?

बाहेरच्या देशांत ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात हार्वे व्हिटनी यांनी 1927 साली फार्मासिस्टांसाठी रुग्णालयातली इंटर्नशिप सुरू केली. तिथूनच पुढे रेसिडेन्सी वाढली, 1962 पासून तिला रीतसर मान्यता देण्याची पद्धत आली, आणि आज पदवीनंतरचं पहिलं वर्ष ही तिथे रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्यांची नेहमीची पायरी आहे. ब्रिटनमध्ये नोंदणीआधी 52 आठवड्यांचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. तिथली रुग्णालयं इथे आणता येणार नाहीत. पण "एकट्याने खिडकीवर उभं राहण्याआधी एक वर्ष" एवढा विचार आणायला परदेशी पैसा लागत नाही.

हे वर्ष आपल्या भागात कसं दिसेल?

सुरुवात वॉर्डापासून. सकाळी डॉक्टरांच्या राउंडला मुलगी सोबत असेल. हातात केस पेपर, खिशात छोटी वही. खाटेवर समजा 65 वर्षांची आजी आहे, वजन 42 किलो. रक्तातलं क्रिएटिनिन 1.4 आलंय. रिपोर्टवर आकडा किंचित वाढलेला, कुणी घाबरणार नाही असा. आता मुलीने कॉक्रॉफ्ट-गॉल्टचं 1976 सालापासून वापरात असलेलं साधं गणित मांडायचं. 140 मधून वय वजा, म्हणजे 75. गुणिले वजन 42. भागिले 72 गुणिले 1.4. बाई आहे म्हणून गुणिले 0.85. उत्तर येतं सुमारे 27. म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला 27 मिलिलिटरच्या आसपास. आता कागदावर लिव्होफ्लॉक्सासिन 750 मिलिग्रॅम रोज असेल, तर या आजीसाठी ते दिवसाआड हवं. आणि सोबत डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन लिहिलं असेल तर थांबून डॉक्टरांना विचारायलाच हवं.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं. आपण खारपाणपट्ट्यात बसलो आहोत. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे खारं पाणी अमरावती, अकोला, बुलढाणा असं पसरलंय. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या गावांत मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकू येतात. त्यात उन्हाळा असा की दुपारी रस्ता ओस पडतो. आणि याच शेगावात गजानन महाराजांच्या दर्शनाला माणसं कोसोन् कोस पायी येतात. मी पायी येणाऱ्यांना विचारून पाहिलंय. पाय दुखले की वाटेतल्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतात, दिवसातून तीनदा, पाणी कमी, घाम जास्त. कोरडं पडलेलं शरीर, आधीच थकलेलं मूत्रपिंड आणि त्यावर ही गोळी. दूरच्या शहरातल्या पुस्तकात हा रुग्ण नाही. तो शेगावात आहे, आणि त्याला ओळखायचं इथल्याच फार्मासिस्टने शिकायचंय.

दुसरी इथलीच गोष्ट, गुरुवारचा उपवास. महाराजांचे भक्त गुरुवार करतात, एकादशी करतात, पारायणाला बसले की एकवीस अध्याय संपेपर्यंत उठत नाहीत. श्रद्धेत हात घालायचा अधिकार मला नाही आणि तशी इच्छाही नाही, मी स्वतः गुरुवार करतो. पण ज्या माणसाला ग्लिमेपिराइड चालू आहे, त्याने सकाळी गोळी घेतली आणि दिवसभर पोटात काही गेलं नाही, तर साखर घसरून तो कोसळू शकतो. वर्षभराच्या प्रशिक्षणात मुलीच्या जिभेवर हा प्रश्न बसला पाहिजे: "काका, उपवास कोणकोणत्या वारी असतो?" उत्तर ऐकून डॉक्टरांशी बोलायचं, त्या दिवसाची मात्रा ठरवून घ्यायची आणि पाकिटावर लिहायचं. ज्याला वाचता येत नाही त्याला सूर्य आणि चंद्र काढून द्यायचे.

इन्सुलिनबद्दल थोडा जास्त वेळ घेतो, कारण इथे सुशिक्षित माणसंही फसतात. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला 40 युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. 100 युनिटचं इन्सुलिनही मिळतं, त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. आता कुपी 100 ची आणि सिरिंज 40 ची अशी जोडी घरात जमली, तर 20 च्या रेघेपर्यंत भरलेल्या सिरिंजमध्ये 20 नाही, 50 युनिट असतात. उलट झालं तर 20 ऐवजी 8. एकात माणूस बेशुद्ध पडतो, दुसऱ्यात साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर मात्रा वाढवत राहतात. आणि कुपी ठेवायची 2 ते 8 अंशांत. ज्या घरात फ्रिज नाही किंवा दुपारभर वीज नसते, तिथे माठाचा, ओल्या फडक्याचा, सावलीचा विचार फार्मासिस्टने रुग्णासोबत बसून करायचा असतो. "फ्रिजमध्ये ठेवा" म्हणून मोकळं होता येत नाही.

रात्रपाळी. ही मी सक्तीची करेन. पावसाळ्यात रात्री साप चावलेला माणूस येतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, काय ते बरोबरच्यांना सांगता येत नाही. सर्पविष प्रतिबंधक लशीच्या किती कुप्या शिल्लक आहेत हे त्या क्षणी रजिस्टर चाळून नाही, तोंडपाठ माहीत हवं. भुकटीची कुपी विरघळवताना जोरात हलवायची नाही, फेस होतो; हे सिस्टरच्या शेजारी उभं राहून एकदा पाहिलं की जन्मभर विसरत नाही. फवारणीच्या दिवसांत विषबाधेचे रुग्ण येतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. अशा रुग्णाला ॲट्रोपिन लागतं, ते दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यावं लागतं, आणि हाताशी असते 0.6 मिलिग्रॅमची इवलीशी ॲम्प्युल. एका रात्रीत साठा कसा संपतो ते ज्याने पाहिलं, तो इंडेंट कधी टेबलावर पडू देत नाही. ई-औषधी या साठ्याच्या संगणकीय नोंदवहीत आकडे भरणं त्याच्यासाठी मग कारकुनी राहत नाही.

आणि विचारणं. सगळ्या वर्षाचा गाभा मला हाच वाटतो. विचारायचं दोघांना. रुग्णाला, आणि डॉक्टरांना. पहिलं सवयीने येतं, दुसऱ्याला धैर्य लागतं. वीस-बावीस वर्षांची मुलगी मोठ्या डॉक्टरांना कसं म्हणणार की साहेब, मेथोट्रेक्सेट रोज लिहिलंय, संधिवाताला ते आठवड्यातून एकदा असतं ना? हे न विचारल्यामुळे जगात माणसं मेली आहेत. डॉक्टर चिडतील, ही भीती खरी असते. ती जायला एकच उपाय मला माहीत आहे: वर्षभर रोज त्याच डॉक्टरांसोबत चालणं. पन्नास वेळा विचारलं, त्यातल्या पंचेचाळीस वेळा डॉक्टर बरोबर निघाले, पाच वेळा त्यांनी पेन काढून कागद दुरुस्त केला, की दोघांमधली भिंत पडते. माझ्या सेवेच्या शेवटच्या वर्षांत एक फिजिशियन स्वतः खिडकीशी येऊन विचारायचे, "आज माझं काही चुकलंय का?" इतका मान मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

चूक लिहिणंही याच वर्षात शिकवायचं. औषधाचा दुष्परिणाम दिसला तर नोंद करायला 2010 पासून देशात फार्माकोव्हिजिलन्सचा कार्यक्रम आहे. त्याचा फॉर्म फार्मासिस्टही भरू शकतो, आणि 1800-180-3024 हा फुकट क्रमांक आहे. रुग्णालयातल्या अंतर्गत चुकांची वही मात्र प्रत्येक ठिकाणी आपणच सुरू करावी लागेल. तिच्यात नाव कुणाचं, यापेक्षा फळीवर कोणती दोन पाकिटं शेजारी होती हे महत्त्वाचं. माझी ती चूक अशा वहीत गेली असती तर दुसऱ्या दिवशी एक पाकीट वरच्या फळीवर गेलं असतं. इतकंच करायचं होतं.

आता कुणी म्हणेल, शेगावसारख्या ठिकाणी हे व्हायचं कसं? मी म्हणतो, शेगावसारख्या ठिकाणीच होईल. इथे सईबाई मोटे रुग्णालय आहे, जवळ खामगावचं सामान्य रुग्णालय आहे, रेल्वेने गेलं की अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय. 2024 पासून बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. गजानन महाराज संस्थानची वैद्यकीय सेवा आहे, सातपुड्यातल्या आदिवासी गावांपर्यंत जाणारी. वर्षाचे महिने या ठिकाणी वाटून घेता येतात. सेवा शिस्तीने कशी करायची हे या गावाला बाहेरून शिकवावं लागत नाही. संस्थानच्या शिवशंकरभाऊ पाटलांनी ते आयुष्यभर करून दाखवलं. हातात झाडू घेऊन आठवडा-आठवडा विनामोबदला राबणारे सेवाधारी ज्या गावात आहेत, तिथे डॉक्टर आणि फार्मासिस्ट यांनी मिळून दहा मुलं वर्षभर घडवणं अशक्य कसं असेल? फक्त त्या मुलांना सेवेच्या नावाखाली फुकट राबवू नका. महिन्याचं विद्यावेतन ठरवा, राहायची खोली द्या. घरून पैसे आणावे लागले तर ती मुलगी येणारच नाही.

2025 च्या जानेवारीची आठवण काढून थांबतो. याच तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. शंभरावर माणसं, त्यात लहान मुली. तीन-चार दिवसांत टक्कल. टीव्हीवाले आले. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर. पुढे आयसीएमआरचं पथक आलं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्या परीने तपास करून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. मी त्या दिवसांत एका गावात गेलो होतो, कुणी बोलावलं नव्हतं तरी. एका घरात आजीने पिशवी माझ्यापुढे ओतली. दोन-तीन दवाखान्यांतली औषधं, तेलं, मलमं, शक्तीच्या गोळ्या. ब्लड प्रेशरची एकच गोळी दोन नावांनी, दोन डॉक्टरांची, दोन्ही चालू. केसांच्या भीतीने तिने ती पिशवी बाहेर काढली म्हणून हे कळलं. एरवी कुणी पिशवी पाहायला मागितलीच नव्हती.

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी आठ ते अकरा मी माझ्या ओसरीवर बसतो. लोकांना सांगितलंय, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, रिकामी पाकिटंसुद्धा. मी औषध देत नाही, बदलतही नाही. पिशवी ओततो, लिहून काढतो, आणि शंका असेल तिथे चिठ्ठी लिहून त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतो. वय झालंय, एकट्याला आता आवरत नाही.

उद्या गुरुवार आहे. पुढच्या दोन रांगांत बसलेल्या डी.फार्म., बी.फार्म.च्या मुलामुलींपैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी वही आणि दोन पेनं घेऊन या. पुस्तक नको. आल्यावर आधी खुर्चीवर बसू नका, पायरीवर रुग्णांच्या शेजारी बसा आणि त्यांना विचारा, तुम्हाला काय सांगितलं होतं.